शेवटचा ड

जाऊलुंग हुतापेआ यांचे पुत्र मनासे, मनासेंचे पुत्र कारेल, आणि कारेलची थोरली मुलगी मी, रुमोंदांग. लागुबोतीच्या तळ्याकाठी वसलेल्या आमच्या कुळात मुलीचे नाव वंशावळीत घेत नाहीत. मी घेते, आणि आजवर कोणी मला अडवलेले नाही. हे तिघेही परक्याची भाषा मार खाऊन शिकले. जाऊलुंग जर्मन पाद्र्याच्या शाळेत अक्षरे गिरवू लागले तेव्हा त्यांच्या सख्ख्या चुलत्यांनी त्यांना भाताच्या खाचरात पाडून मुसळाने बडवले. पुढचे दोन दात गेले. आमच्या भाषेत फ नाही. तो त्यांना त्या फटीतून आयता मिळाला, असे घरात हसून सांगत. मनासे डच साहेबाच्या तंबाखूच्या मळ्यावर कारकून होते. साहेबाला तू म्हणायचे की आपण, यात ते एकदाच चुकले, आणि चाबकाचा तो वळ त्यांच्या गालावर मरेपर्यंत राहिला. कारेल, माझे वडील, जपानी अमलात पुलावरच्या शिपायापुढे वाकायला अर्धा क्षण उशीर करून बसले. जपानी भाषेतला पहिला शब्द त्यांना थपडेबरोबर मिळाला. त्याचा अर्थ मूर्ख. मी इंग्रजी शिकले.

एवढे मी त्या मुलीला सांगितले, कारण तिने विचारलेच तसे होते. शनिवारची सकाळ होती. मेदान शहराच्या उन्हाला नऊ वाजताच धार चढते. ओसरीवर पंखा फिरत होता, सुनेने कॉफी आणि तळलेली केळी ठेवली होती, आणि रिरिस नावाची ती विद्यापीठातली मुलगी मोबाइल माझ्यासमोर पालथा घालून माझा आवाज साठवत होती. आपली माणसे इंग्रजी कशी शिकली, ते ती माणसांच्याच तोंडून गोळा करते आहे. मी चाळीस वर्षे या शहरात इंग्रजी शिकवली. या ओसरीमागच्या पुढच्या खोलीत माझा वर्ग भरे. माझी मुले जहाजांवर गेली, तेलाच्या कंपन्यांत गेली, दोघे वकिलातीत आहेत. तेव्हा ती माझ्याकडे येणे योग्यच होते. उशिरा आली एवढेच.

"बाकीचे काय सांगतात?" मी विचारले.

"एक जण म्हणाला, सिनेमाखालच्या ओळी वाचून शिकलो. एक जण मोबाइलवर खेळताना परदेशातल्या पोरांच्या शिव्या खाऊन शिकला. पण भीती सगळ्यांना एकच, ओपुंग. तोंड उघडलं की गोरे नाही हसत, आपलेच हसतात. आली मोठी मडम, म्हणतात."

"आणि अवघड काय वाटतं त्यांना?"

"लिहायचं एक आणि बोलायचं दुसरंच. एक रिक्षावाला म्हणाला, लबाडांची भाषा आहे ही. सुरी लिहिताना पुढे क लावतात आणि बोलताना गिळतात."

"गिळत नाहीत, बुतेत. लपवतात. सुरी आहे ती."

ती हसली. आमच्यात ओपुंग म्हणजे आजी, आणि बुतेत म्हणजे लहान पोर. बाविशीच्या मुलीला तसे म्हटलेले आवडते, विशेषतः म्हातारीने म्हटलेले. "पण सगळ्यांत जास्त छळतात ती क्रियापदं," ती म्हणाली, "आज एक, काल दुसरं. माणसं म्हणतात, काल गेलो हे सांगायला काल हा शब्द आहे ना, मग जाण्याची मोडतोड कशाला?"

हे मला चाळीस वर्षे ऐकवण्यात आले आहे. आमच्या घरच्या भाषेत काय आणि देशाच्या भाषेत काय, क्रियापदाला वय नसते. मी काल जाते, मी आज जाते, मी उद्या जाते. एखादी गोष्ट घडून संपली असे सांगायचेच असेल तर तिच्या आधी एक शब्द ठेवायचा: सुदाह. झाले. आणि घडली नसेल तर नाही म्हणायचे नाही, म्हणायचे, बलुम. अजून नाही. ऐंशी वर्षांच्या कुमारिकेला लग्न झाले का असे विचारले तर तीसुद्धा सभ्यपणे बलुम म्हणते. दार लोटलेले असते, कडी लावलेली नसते. आमच्यात ज्याची सगळी मुले मार्गी लागली, नातवंडे झाली, ज्याच्याकडे कोणाचे काही राहिले नाही, त्याचे मरण पूर्ण मानतात; त्याच्यासाठी रडत नाहीत, ढोल वाजवतात. माझा थोरला मुलगा पार्लिन दर नव्या वर्षी मला अदबीने विचारतो, "आई, तुझं सगळं आटोपलं ना?" आणि मी म्हणते, बलुम. त्याला वाटते, म्हातारीला मरायचे नाही.

"शेवटचा प्रश्न माझा नाही, ओपुंग," रिरिसने वही मिटली. "माझ्या आजीचा आहे. मी तुमच्याकडे येणार म्हटल्यावर ती म्हणाली, तुझ्या त्या बू गुरूंना, इंग्रजीच्या बाईंना, एवढंच विचार, डायचा भूतकाळ काय."

"डायड," मी म्हणाले. चाळीस वर्षांची सवय. जीभ आपणहून टाळूला लागली आणि ड स्वच्छ वाजला. मग माझ्या उजव्या तळहाताला आग झाली, तापल्या तव्यावर ठेवल्यासारखी. मी तो उताणा करून पाहिला. म्हातारीचा हात, दुसरे काही नाही.

"तुझ्या आजीचं नाव काय?"

"सौर्मा. नाबाबानांची. मासळी विकते. डाव्या कानानं ऐकू येत नाही तिला, म्हणून अख्ख्या बाजारात आवाज तिचाच मोठा."

मी कॉफी संपवली. गार झालेली कॉफी टाकून देण्याची आमच्या घरात रीत नाही.

मला इंग्रजी शिकवणारे गुरुजी बारीक, स्वच्छ, पांढऱ्या सदऱ्यातले होते, आणि त्यांच्या टेबलावर वेताची छडी खडूच्या डबीइतकीच सहजपणे पडलेली असे. ते सरकारविरुद्धच्या बंडाचे वर्ष होते. तळ्याकाठच्या रस्त्यावरून लष्कराच्या गाड्या जात, आणि गाडी जाताना आम्ही बाकाखाली डोके घालायचे, गेली की पुन्हा वर काढून पुढचे क्रियापद म्हणायचे. एकदा बाजाराच्या बाजूला गोळ्या सुटल्या. गुरुजींनी खिडकी लावली आणि फळ्यावर लिहिले, हिट. भूतकाळ कोण सांगेल? मी हात वर केला. आदल्या आठवड्यात त्यांनीच शिकवले होते की शेवटी ड जोडला की काम भूतकाळात जाते. मी म्हणाले, हिटेड. ते माझ्याजवळ आले, हात पुढे करायला सांगितला. हिट, ते म्हणाले, आणि छडी पडली. हिट, आणि पडली. हिट, आणि पडली. वर्तमान, भूत, आणि ते तिसरे. तळहातावर तीन समांतर रेघा उठल्या, मधलीतून रक्त आले. बाहेर बाजारात माणसे ओरडत होती आणि मी रडले नाही, कारण मला त्याच क्षणी इंग्रजी समजली. ज्या भाषेत जाणे बदलते, खाणे बदलते, देणे बदलते, त्या भाषेतही मारणे बदलत नाही. कापणे बदलत नाही, दुखावणे बदलत नाही. या क्रियापदांना आमच्या क्रियापदांसारखेच वय नाही. त्या दिवशी बाजारात चार माणसे मेली, त्यांतला एक आमचा न्हावी. त्यांची नावे मला आठवत नाहीत. ते तीन फटके मी कोणत्याही क्षणी मोजून देईन. मी वर्गात पहिली आले. मार खाऊन शिकलेले विसरत नाही, असे मी पुढे कित्येक पालकांना सांगितले, आणि त्यांनी माना डोलावल्या. कोणीही आपले पोर काढून नेले नाही.

माझ्या वर्गाचा नियम उंबऱ्यावर रंगवलेला होता: आत फक्त इंग्रजी. आणखी एक नियम रंगवलेला नव्हता, पण सर्वांना पाठ होता. रजा हवी असेल तर निरोप चालणार नाही, चिठ्ठी चालणार नाही; स्वतः यायचे, उंबऱ्याच्या आत उभे राहायचे आणि इंग्रजीत मागायची. कारण सांगता आले तर रजा मिळेल. या नियमाचा मला अभिमान होता. ताप आलेली मुले थरथरत येऊन फीव्हर म्हणत, फ सह, आणि मग घरी जात. सौर्मा तेव्हा चौदा वर्षांची होती. तिचे वडील लाकडाच्या वखारीत कामाला होते, आणि ती हुशार होती. इतकी की तिच्याकडून चूक झाली तर ती मला माझीच वाटे. त्या सोमवारी वर्ग अर्धा झाला होता तेव्हा ती आली. केस विंचरलेले नव्हते, एका पायात चप्पल नव्हती. मी हे पाहिले होते. पाहिले नव्हते असे मी स्वतःला पुष्कळ वर्षे सांगितले, पण पाहिले होते. ती उंबऱ्याच्या आत आली, सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "मॅम, माय फादर डाय."

मला ड ऐकू आला नाही. मला एवढेच ऐकू आले, की ड ऐकू आला नाही. शुक्रवारीच आम्ही हा धडा केला होता, तिने सगळ्यांच्या आधी केला होता. पुन्हा म्हण, मी इंग्रजीत म्हणाले. माय फादर डाय. मी जवळ गेले आणि उजव्या हाताने तिच्या डाव्या कानाखाली मारली. डायड, मी म्हणाले. ती म्हणाली, डाय. मी दुसरी मारली. पोरे फळ्याकडे पाहत होती. तिचे ओठ हलत होते, पांढरे पडले होते, आणि तिसऱ्यांदा तोच अर्धवट शब्द बाहेर आला, तेव्हा मी सगळ्या अंगाने मारली. हात कानावर सपाट बसला, पाण्यावर फळी आपटल्यासारखा आवाज झाला. तिने कान धरला नाही. माझ्याकडे पाहिले, वळली आणि उंबरा ओलांडून गेली. मग मागच्या बाकावरून एक मुलगा उठला आणि म्हणाला, तिचे वडील आज सकाळी वारले, मॅम. वखारीतला ओंडका घसरला. इंग्रजीत म्हणाला. बिनचूक म्हणाला. डायड, म्हणाला. आणि हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही, पार्लिनच्या वडिलांनाही नाही: त्याच्या त्या स्वच्छ ड ने मला क्षणभर बरे वाटले. मग मी वर्ग पूर्ण केला. प्रेताच्या घरी गेले नाही. पुढे कळले की पोरीच्या कानातून रात्रभर पाणी येत होते आणि प्रेताभोवतीचे रडणे तिने एकाच बाजूने ऐकले. त्यानंतर ती आली नाही; मी हजेरीत तिच्या नावापुढे बलुम लिहीत राहिले, वर्षाची वही संपेपर्यंत. पन्नास वर्षे मी विचार केला की तिने तो ड का लावला नाही. मी ठरवले होते की ड लावला असता तर बाप मेला असता, म्हणून तिने तो अडवून धरला. हा विचार मला सुंदर वाटे, आणि सुंदर वाटतो याचीच लाज वाटे.

"ओपुंग, बरं वाटत नाहीये का?" रिरिस विचारत होती.

"तिला फोन लाव. आज यायला सांग."

"आज शनिवार आहे, ओपुंग. बाजार सोडून ती लाटसाहेबासाठीसुद्धा—"

"मी लाटसाहेब नाही. आज."

मोबाइलमधून येणारा सौर्माचा आवाज मला ओसरीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. "काय? कोण? ती म्हातारी अजून आहे?" मग, "मासे झाकते. येते."

ती दुपारी मोटार-रिक्षातून उतरली. रुंद, काळी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात केळीच्या पानात गुंडाळलेले काहीतरी. मी उंबऱ्याच्या आत, पुढच्या खोलीत, माझ्या जुन्या खुर्चीशेजारी उभी होते. बसून ही गोष्ट करायची नव्हती. ती बाहेरच थांबली आणि उंबऱ्याकडे पाहू लागली. रंग केव्हाच उडाला आहे.

"बू गुरू," ती म्हणाली.

"आत ये."

"आत इंग्रजी बोलावं लागतं ना? मला आता माशांची तेवढी येते."

"येईल ते बोल."

ती बूट न काढता आत आली. बूट काढायला विसरली नव्हती. पान तिने टेबलावर ठेवले, त्यातून माशाचे शेपूट बाहेर आले होते. माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा तिने आपणहून मान किंचित डावीकडे वळवली, उजवा कान पुढे येईल अशी; पन्नास वर्षांची सवय, माझ्या जिभेच्या सवयीसारखीच.

"किती होत्या?" मी विचारले.

"तीन."

"मला वाटलं विसरली असशील."

"आकडे विसरणारी बाई मासळी विकेल का, बू गुरू?"

"तर मग परत कर."

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले, शिळा मासा न्याहाळावा तशी. "माफी मागताय?"

"नाही. आमच्या घरात माफी मागायची रीत नाही. फेडायची आहे."

"आजी," रिरिस मध्ये आली, तिचा आवाज चिरकला होता, "आजी, नको. ऐंशी वर्षांच्या आहेत त्या."

"काय?" सौर्माने चांगला कान तिकडे केला.

"ऐंशी वर्षांच्या आहेत."

"मी चौदाची होते," सौर्मा म्हणाली, आणि मारली.

ती रडेल, माझे हात धरेल, जाऊ द्या म्हणेल, असे मला वाटले नव्हते. पण तसे होईल अशी भीती मात्र वाटली होती. तसे झाले नाही. तो चाळीस वर्षे कोयत्याने माशांची डोकी उडवणारा हात होता. पहिल्या थपडेने माझा चष्मा गेला आणि खोलीचा रंग पांढरा झाला. मी खुर्चीची पाठ धरली, पडले नाही. स्वयंपाकघराच्या दारात सून कपांचा ट्रे घेऊन उभी होती. तिने तोंड उघडले, मी तिच्याकडे पाहिले, तिने मिटले. दुसरी त्याच जागी बसली, नेमकी, आणि तोंडात लोखंडाची चव आली. गालाच्या आत दात रुतला होता. मला जाऊलुंग आठवले, खाचरात पडलेले, आणि मनासेंचा वळ, आणि पुलावर वाकलेले माझे वडील. हे सगळे आज सकाळचे असावे इतके जवळ उभे होते, एकाच्याही क्रियापदाला वय नव्हते. सौर्मा धापा टाकत होती. तिने हात खाली केला, झटकला.

"पुरे," ती म्हणाली.

"तीन होत्या."

"हात दुखतोय माझा."

"माझाही दुखला होता. मी थांबले नव्हते."

तिचे डोळे बारीक झाले. ती एक पाऊल मागे सरली, आणि क्षणभर मला वाटले ती निघाली. पण ती नुसता पल्ला घेत होती. तिसरी कानावर सपाट बसली. पाण्यावर फळी आपटली. मी गुडघ्यावर आले, सुनेच्या हातातला ट्रे पडला, पण तो आवाज फार दुरून आला, दुसऱ्याच कोणाच्या घरातून. मग डाव्या बाजूने जग बंद झाले आणि त्या जागी एक लांबलचक, बारीक शीळ सुरू झाली. रिरिस रडत होती, ते मला दिसले. सौर्माने मला काखेत हात घालून उचलले, पोते उचलतात तसे, आणि माझ्याच खुर्चीत बसवले. तिच्या अंगाला खाऱ्या पाण्याचा वास येत होता. तिने कमरेच्या फडक्याने माझ्या तोंडाचे रक्त पुसले. हळुवारपणे नव्हे, बाजारातली फळी पुसावी तसे.

"एक विचारू?" मी म्हणाले. माझा आवाज मला कवटीच्या आतून ऐकू आला. "तो ड. तू का लावला नाहीस?"

"तोंडाला कोरड पडली होती," ती म्हणाली. तिला हा प्रश्न विचित्र वाटला असावा. "सकाळपासून पाणी कोणी दिलं नव्हतं. जीभ वरती लागतच नव्हती, बू गुरू."

म्हणजे एवढेच. पन्नास वर्षे जपलेला माझा सुंदर विचार मी रक्ताबरोबर गिळला. सुनेला खूण केली. तिने पाण्याचा ग्लास आणला. तो मी स्वतः घेतला नाही, सौर्मापुढे केला. तिने ग्लासाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि उभ्याउभ्या सगळा प्यायली. मनगटाने तोंड पुसले. मग दोन पावले मागे गेली, उंबऱ्याच्या अगदी आत उभी राहिली, बूट जुळवले, हात बाजूला सरळ केले, आणि तिच्या त्या बाजारी, मोठ्या आवाजात म्हणाली,

"मॅम, माय फादर डाय—"

शेवटी तिची जीभ टाळूला लागली की नाही, ते मी सांगू शकत नाही. ड होता किंवा नव्हता. तो माझ्या डाव्या कानातल्या शिळेत बुडाला. मला फक्त बातमी ऐकू आली.

"कधी?" मी विचारले.

"आज सकाळी."

"कसं?"

"ओंडक्याखाली. छातीवर आला. मी डबा घेऊन गेले होते, मी पाहिलं." एवढे ती आमच्या घरच्या भाषेत बोलली, उंबऱ्याच्या आत, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला.

मी खुर्चीचे हात धरून उठले. शेल्फातला विणलेला जाड शेला काढला, जो आमच्यात प्रेताच्या घरी जाऊन मागे राहिलेल्यांच्या खांद्यावर घालतात. तो मी माझ्याच मरणासाठी ठेवला होता. तिच्या खांद्यावर घातला आणि दोन्ही टोके तिच्या छातीवर जुळवली. "घरी जा, पोरी," मी म्हणाले, "आईजवळ बस. आज वर्ग नाही. मी येते आहे."

तिने शेल्याची टोके मुठीत धरली. मग माझ्या डाव्या बाजूने ती काहीतरी म्हणाली; मला ऐकू आले नाही. मी मान वळवली आणि उजवा कान तिच्यापुढे केला, जसा ती आजवर सगळ्यांपुढे करत आली आहे.

"झालं का, बू गुरू?" तिने पुन्हा विचारले.

"सुदाह," मी म्हणाले.